घर दोघांचं, नोंद एकाची

पत्र:

नमस्कार काकू,
आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला राहतो. २०१३ मध्ये घर घेतलं तेव्हा मी एच-४ वर, म्हणजे यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर होते, नोकरी नव्हती, म्हणून कर्ज यांच्या एकट्याच्या नावावर झालं. एस्क्रोच्या, म्हणजे खरेदीचे पैसे आणि कागद मध्यस्थ म्हणून सांभाळणाऱ्या, ऑफिसात मलाही एका कागदावर सही करायला सांगितली, नोटरीने अंगठाही घेतला. तो कागद कसला ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आता दोघांनाही ग्रीन कार्ड आहे. सासऱ्यांच्या आजारपणामुळे हे सध्या पुण्याला आहेत, अजून तीन-चार महिने तरी तिथेच असतील. परवा टपालाने एक पत्र आलं: तुमच्या घराच्या डीडची, म्हणजे मालकीच्या दस्ताची, प्रत हवी असेल तर अमुक तारखेच्या आत ११९ डॉलर भरा. घरभर शोधलं, मूळ डीड सापडत नाही. यांना फोन केला तर म्हणाले, घर आपलंच आहे, कागदाचं काय घेऊन बसलीस. पण ओळखीतल्या एकीचा नवरा अचानक गेला आणि घरापायी तिचे फार हाल झाले, तेव्हापासून माझ्या डोक्यातून हे जात नाही. माझं नाव घरावर आहे की नाही हे कसं कळेल? नसेल तर हे तिकडे असताना लावता येईल का? मैत्रीण म्हणते, क्विटक्लेम डीडचा फॉर्म इंटरनेटवर मिळतो, भरून काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ऑफिसात दिला की झालं. मुलं दोन, एक अकरावीत, एक सातवीत. त्यांचीही नावं घालावीत का?
— एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर:

प्रिय ताई,

आधी ते ११९ डॉलरचं पत्र. पैसे भरू नका. ते काउंटीचं पत्र नाही. घरमालकांची नावं आणि पत्ते सार्वजनिक नोंदीतून उचलून खासगी कंपन्या असली पत्रं हजारो घरी पाठवतात. वरचा मजकूर सरकारी थाटाचा, जाड अक्षरात मुदत, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरात, की आमचा कुठल्याही सरकारी खात्याशी संबंध नाही. ते पत्र पुन्हा हातात घ्या आणि ती ओळ शोधा. तीच प्रत घरांच्या नोंदी ठेवणाऱ्या काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डर ऑफिसातून काही डॉलरांत मिळते.

मूळ डीड सापडत नाही म्हणून घाबरू नका. तुमची घाबरगुंडी का उडाली ते मला कळतं. आपल्याकडे खरेदीखताची मूळ प्रत म्हणजे जीव की प्राण. बँक कर्ज देते ती मूळ कागद स्वतःच्या ताब्यात ठेवून, आणि कर्ज फिटलं की आपण ते परत आणून लॉकरमध्ये घालतो. कॅलिफोर्नियात तसं नाही. डीड काउंटीत गेलं की ते तिथे स्कॅन होतं, त्याला नंबर पडतो आणि मूळ कागद टपालाने घरी परत येतो. तो पुढे हरवला, भिजला, कुणी चुकून फाडला, तरी हक्काला धक्का लागत नाही. घर विकताना किंवा नव्याने कर्ज घेताना मूळ प्रत कुणी मागत नाही, सगळे काउंटीची नोंद बघतात.

म्हणून पहिलं काम म्हणजे ती नोंद तुम्ही स्वतः बघायची. फ्रीमाँट अलमीडा काउंटीत येतं, रेकॉर्डरचं ऑफिस ओकलंडला आहे. त्यांच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं. देणाऱ्याचं नाव आणि घेणाऱ्याचं नाव अशा दोन्ही बाजूंनी सूची असते. कॅलिफोर्नियात बहुतेक काउंट्या कागदाचं चित्र घरबसल्या दाखवत नाहीत, फक्त सूची दाखवतात, पण सुरुवातीला तेवढं पुरतं. तुमच्या यजमानांचं नाव टाका, मग तुमचं. २०१३ च्या त्या दिवसात बहुधा तीन ओळी एकापाठोपाठ दिसतील, नंबरही लागोपाठचे. पहिली ओळ विकणाऱ्याकडून यजमानांना दिलेल्या ग्रँट डीडची, म्हणजे मालकी देणाऱ्या दस्ताची, दुसरी तुमच्याकडून यजमानांना दिलेल्या डीडची, तिसरी बँकेच्या डीड ऑफ ट्रस्टची, म्हणजे कर्जाच्या बोज्याची. मध्ये कधी रिफायनान्स केलं असेल तर त्याचीही नवी ओळ असेल, आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचं रिकन्व्हेयन्स असायला हवं. ते नसेल तर त्याचाही पाठपुरावा करा. त्या दुसऱ्या ओळीच्या कागदाची आणि ग्रँट डीडची प्रमाणित प्रत मागवा.

ती दुसरी ओळ म्हणजेच अंगठा दिलेला कागद. आता त्याबद्दल सविस्तर सांगते, कारण फक्त कर्ज घेणाऱ्याच्या नावावर घर करताना आपल्या कितीतरी बायकांनी अशा सह्या केलेल्या आहेत.

कॅलिफोर्नियात लग्नानंतर कमाईतून घेतलेली मालमत्ता ही मुळात नवरा-बायको दोघांची धरली जाते, नोकरी एकानेच केलेली असली तरी. त्याला कम्युनिटी प्रॉपर्टी म्हणतात. कर्ज एकाच्याच नावावर असलं की बँक आणि टायटल कंपनी (मालकीची छाननी करून तिचा विमा देणारी) दुसऱ्याकडून लिहून घेतात, की या घरावर माझा हक्क नाही, हे माझ्या जोडीदाराचं एकट्याचं, स्वतंत्र आहे. त्यासाठीचा कागद बहुतेक वेळा इंटरस्पाउसल डीड (नवरा-बायकोतलं डीड) किंवा क्विटक्लेम (हक्क सोडल्याचं डीड) असतो. तुमच्या ग्रँट डीडवर यजमानांच्या नावापुढे बहुधा असं असेल, की हा विवाहित पुरुष हे घर आपली एकट्याची आणि स्वतंत्र मालमत्ता म्हणून घेत आहे. तसं असेल तर नोंदीपुरतं तुमचं नाव घरावर नाही.

याचा अर्थ तुमचा हक्क कायमचा बुडाला असा नाही. हप्ते लग्नातल्या कमाईतून गेले. शिवाय नवरा-बायकोच्या व्यवहारात एकाचाच फायदा झाला, तर दुसऱ्याने तो समजून-उमजून केला होता हे फायदा झालेल्यालाच कोर्टात सिद्ध करावं लागतं. पण ते कोर्टात. मला तुम्हाला तिथवर जाऊ द्यायचं नाही.

वाईट बोलते आहे, पण तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते. घर नवऱ्याची स्वतंत्र मालमत्ता असेल, मृत्युपत्र केलेलं नसेल आणि दोन मुलं असतील, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे बायकोला एक तृतीयांश मिळतं, उरलेलं दोन तृतीयांश मुलांना. मुलं अज्ञान (अल्पवयीन) असतील तर त्यांच्या वाट्यासाठी कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो, आणि घर विकायचं म्हटलं तरी कोर्टाला विचारावं लागतं. तेच घर कम्युनिटी प्रॉपर्टी असतं तर मृत्युपत्र नसतानाही सगळं बायकोकडे आलं असतं. शिवाय प्रोबेटचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या मालमत्तेच्या कोर्टातल्या निपटाऱ्याचा खर्च. वकिलाची फी कायद्यानेच ठरवून दिली आहे: पहिल्या १ लाख डॉलरवर ४ टक्के, पुढच्या १ लाखावर ३, त्यापुढच्या ८ लाखांवर २, त्यानंतर १ टक्का. घर १६ लाख डॉलरचं धरलं तर २९,००० डॉलर झाले. कर्ज किती शिल्लक आहे ते यात वजाही होत नाही. इस्टेटीचा कारभार बघणारी व्यक्तीही तेवढीच फी घेऊ शकते. ओळखीतल्या ज्या बाईंचं तुम्ही लिहिलंत, त्यांचे हाल कशाने झाले असतील ते यावरून लक्षात येईल.

आता मैत्रिणीने सांगितलेला फॉर्म. काउंटीत दिला की नोंद होते, हे तिचं म्हणणं खरं आहे. धोका आहे तो त्यातच. कागद नोंदवण्याजोगा असेल, अक्षर स्कॅनमध्ये उमटण्याइतकं स्पष्ट असेल, नोटरी, फी आणि सोबतचे फॉर्म असतील, तर रेकॉर्डर तो घेतो. मजकूर कायद्याने पुरा आहे की नाही या कारणावरून त्याला कागद नाकारताच येत नाही, हे सरकारी संहितेतच लिहिलेलं आहे. खिडकीपलीकडची व्यक्ती कितीही भली असली तरी सल्ला देणार नाही, तिला ती मुभाच नाही. पुण्यात दुय्यम निबंधकासमोर दोन्ही पक्ष जातात, फोटो निघतो, अंगठे उमटतात. इथे काउंटीत कुणी हजर राहत नाही, कागद टपालानेही जातो. तेव्हा चुकीचं डीडसुद्धा शिक्का आणि नंबर मिरवत घरी येतं, आणि चूक कळते ती दहा-वीस वर्षांनी, घर विकताना किंवा माणूस गेल्यावर.

क्विटक्लेम डीड म्हणजे फक्त इतकंच, की माझा या घरात जो काही हक्क असेल तो मी देतो. असेल तर. कसलीही हमी त्यात नसते, आणि टायटल इन्शुरन्सच्या संरक्षणाला त्याने बाधा येऊ शकते. तुमच्यासाठी इंटरस्पाउसल ग्रँट डीड बरं: यजमान देणारे, यजमान आणि तुम्ही दोघं घेणारे. पण डीडच्या नावापेक्षा महत्त्वाचं आहे ते घेणाऱ्यांच्या नावांपुढचं अर्धं वाक्य, म्हणजे दोघं हे घर कुठल्या नात्याने घेता आहात ते.

बहुतेक जण तिथे जॉइंट टेनंट्स लिहून मोकळे होतात. त्याने एक काम होतं: एक गेला की घर आपोआप दुसऱ्याचं, प्रोबेट नाही. पण आणखी एक प्रकार आहे, कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिप. तो कॅलिफोर्नियात १ जुलै २००१ पासून आहे. त्यातही घर थेट दुसऱ्याकडे जातं, आणि वर करात मोठा फरक पडतो. समजा, घर ७ लाखाला घेतलं, आज १६ लाखाचं आहे. जॉइंट टेनन्सीत एक जण गेला तर साधारणपणे फक्त त्याच्या अर्ध्या हिश्श्याची किंमत आजच्या भावाने नव्याने धरली जाते. म्हणजे कराच्या हिशेबात खरेदी किंमत साडेतीन अधिक आठ, साडेअकरा लाख. उद्या घर १६ लाखाला विकलं तर साडेचार लाख नफा दिसतो. कम्युनिटी प्रॉपर्टीत मात्र दोन्ही हिस्से नव्या भावाने धरतात, आणि तेव्हाच विकलं तर नफा शून्य. अर्ध्या वाक्याने एवढा फरक. मात्र हे शब्द डीडवर तसेच्या तसे यायला हवेत, आणि हा प्रकार आम्हाला मान्य आहे असं त्याच कागदावर लिहून दोघांनी त्याखाली सह्या कराव्यात.

इथे वकिलावर पैसे खर्च करा, हा माझा आग्रह आहे. एवढ्या एका डीडसाठी बरेच वकील ठरावीक फी घेतात. मी एस्क्रोच्या कामात वर्षं काढली, पण मी वकील नाही, आणि २०१३ मध्ये सही केलेला तो कागद प्रत्यक्ष वाचल्याशिवाय कुणीही तुम्हाला अंतिम सल्ला देऊ नये.

नावांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आपल्या लोकांचं घोडं हमखास इथेच पेंड खातं. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं पूर्ण, ड्रायव्हर लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, ग्रीन कार्डवर नाव आणि मधलं नाव एकत्र चिकटलेलं, आणि लग्नाआधीचं आडनाव कुठल्या तरी बँक खात्यावर अजून जिवंत. सूची चालते ती नावावर. २०१३ च्या डीडवर यजमानांचं नाव ज्या स्पेलिंगने आहे, नव्या डीडवर देणारा म्हणून ते अक्षर न् अक्षर तसंच हवं. आज त्यांचं नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलं जात असेल तर आजचं नाव लिहून पुढे घालायचं, की यांनी पूर्वी अमुक नावाने हे घर घेतलं होतं. वकील हे वाक्य बरोबर घालतात, पण दोन्ही नावं त्यांना आठवणीने दाखवायची तुम्ही. सही मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत झाली, तर तिथला अधिकारी पासपोर्ट बघणार, त्यामुळे हे कागद पुण्याला जाण्याआधी निस्तरलेलं हवं.

तसंच घराचं वर्णन. डीडमध्ये रस्त्याचा पत्ता पुरत नाही. लॉट नंबर, ट्रॅक्ट नंबर, नकाशा कुठल्या पुस्तकात कुठल्या पानावर आहे, असं ते लांबलचक वर्णन असतं. ते जुन्या डीडवरून जसंच्या तसं उतरवायचं, स्वल्पविरामासकट. आणि असेसरचा (करासाठी घराची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचा) पार्सल नंबर, तो प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर मिळेल.

आता सही. यजमान पुण्यात असल्याने काम अडणार नाही. देणाऱ्याची सही अधिकाऱ्यासमोर व्हायला हवी, आणि तो अधिकारी कॅलिफोर्नियाचाच नोटरी असायला हवा असं नाही. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे मुंबईतली अमेरिकन वकिलात, बांद्रा-कुर्ला संकुलातली. ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्यायची, पासपोर्ट आणि सही न केलेलं डीड घेऊन जायचं, प्रत्येक शिक्क्याला ५० डॉलर. सही आधीच करून नेली तर काम अडतं, त्यांच्यासमोरच करायची. दुसरा मार्ग पुण्यातल्या नोटरीचा. पण मग त्या नोटरीची सही राज्य सरकारकडून प्रमाणित करून परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल घ्यावं लागतं. भारत २००५ पासून त्या करारात आहे, त्यामुळे मार्ग वैध आहे, पण त्यात वेळ जातो आणि हेलपाटे होतात. सासरे आजारी असताना यजमानांना एक दिवस मुंबईला जाऊन येणं जमेल, सरकारी खिडक्यांचे फेरे जमणार नाहीत. व्हिडिओवर होणारी नोटरी हल्ली अमेरिकेतल्या अनेक राज्यांत चालते, पण वकील आणि टायटल कंपनी दोघांनी हो म्हटल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक गोष्ट कुणीतरी तुम्हाला सुचवेलच: यजमानांकडून मुखत्यारपत्र घ्या आणि त्यांच्या वतीने तुम्हीच डीडवर सही करा. हे करू नका. मुखत्यारपत्रालाही तीच वकिलात लागणार, तेही काउंटीत नोंदवावं लागणार, आणि मुखत्याराने मालकाचं घर स्वतःच्याच नावावर लावून घेतलं, असं त्याचं रूप कागदावर दिसणार. पुढे टायटल कंपनी त्यावर बोट ठेवेल.

सही झालेला मूळ कागद कुरिअरने तुमच्याकडे यायला हवा. स्कॅन छापून दिलेला काउंटी घेत नाही. तुमची मान्यतेची सही तुम्ही इथल्या नोटरीसमोर करा. इथला नोटरी घराच्या कागदांसाठी तुमच्या उजव्या अंगठ्याचा ठसा आपल्या वहीत घेतो, २०१३ मध्ये घेतला तो तसाच. या खेपेला त्याने वही पुढे केली की थांबा, डीड पहिल्या ओळीपासून वाचा, मग अंगठा द्या.

डीडच्या पहिल्या पानाचा वरचा अडीच इंचाचा पट्टा बघा. डावीकडे नोंदणी कुणी मागितली आणि नोंद झाल्यावर कागद कुठे परत पाठवायचा ते लिहायचं, उजवा भाग रेकॉर्डरच्या शिक्क्यासाठी कोरा सोडायचा. परतीचा पत्ता तुमच्याच घराचा घाला. डीडसोबत प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट नावाचा फॉर्म लागतो. तो नसेल तर २० डॉलर जास्त आकारू शकतात आणि असेसर नंतर विचारणा करतो, म्हणून सोबतच द्या. त्यात नवरा-बायकोतला व्यवहार या चौकटीत खूण करायची. त्यामुळे प्रॉपर्टी टॅक्ससाठी घराची नव्याने किंमत होत नाही, १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कायद्याचं, करासाठीची किंमत वर्षाला २ टक्क्यांहून जास्त न वाढण्याचं संरक्षण तसंच चालू राहतं. पैशाची देवघेव नाही, म्हणून ट्रान्सफर टॅक्सही नाही, मात्र कारण डीडवर लिहावं लागतं. २०१८ पासून बऱ्याच कागदांवर घरबांधणी निधीसाठी ७५ डॉलर जास्तीचे लागतात. राहतं घर राहणाऱ्याच्याच नावावर होत असेल तर ते माफ आहेत, पण ती माफी पहिल्या पानावर नमूद केली तरच. ही वाक्यं वकील घालतील, तुम्ही फक्त आहेत ना ते बघा.

बँक कर्ज परत मागेल का, ही भीती यजमानांच्या मनात असेल तर त्यांना सांगा, की १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याप्रमाणे राहत्या घरात जोडीदाराचं नाव घातल्यामुळे बँक सगळं कर्ज एकदम मागू शकत नाही. तुमचं नाव डीडवर आलं म्हणून तुम्ही कर्जाच्याही जबाबदार होत नाही, ते दोन वेगळे कागद आहेत. गिफ्ट टॅक्सबद्दल मात्र सीपीएला (कर-हिशेबनिसाला) विचाराच. तुम्ही नागरिक नाही आहात, आणि नागरिक नसलेल्या जोडीदाराला वर्षाला करमाफ देता येणाऱ्या रकमेला मर्यादा आहे, २०२५ साठी ती १,९०,००० डॉलर. तिच्या वर गेलं म्हणजे लगेच कर भरावा लागतो असं नाही, पण एक फॉर्म भरावा लागू शकतो.

आता यजमानांचं म्हणणं. घर आपलंच आहे असं ते म्हणाले, ते मनापासूनच म्हणाले असतील, आणि वडिलांच्या उशाशी बसलेल्या माणसाला हा विषय नकोसा होणं साहजिक आहे. त्यांच्यावर अविश्वास दाखवू नका, पण विषय सोडूही नका. याच कॅलिफोर्नियात एके काळी आपल्या लोकांना काउंटीच्या नोंदीत नाव लावायचीच बंदी होती. १९१३ च्या परकीय जमीन कायद्याने नागरिकत्वाला अपात्र असलेल्यांना जमीन घेता येत नव्हती, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना अपात्र ठरवलं. इंपीरियल व्हॅलीत, युबा सिटीच्या आसपास कष्ट करणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना जमिनी ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नाहीतर अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर ठेवाव्या लागल्या. जमीन आपली, घाम आपला, आणि नोंद दुसऱ्याची. नाव ज्याचं लागलं तो सचोटीने वागला तर निभावलं. १९४६ मध्ये भारतीयांना नागरिकत्व खुलं झालं तेव्हा ती अडचण संपली. तुम्हाला कुणी अडवलेलं नाही, ताई. तुमचा नवरा भला माणूस आहे, पण तो नसेल त्या दिवशी तुमच्या बाजूने बोलायला फक्त ती नोंद असेल. हे त्यांना याच शब्दांत सांगा, आणि हेही सांगा की उद्या आधी तुम्ही गेलात तर घर त्याच डीडने सरळ त्यांच्याकडे येईल.

मुलांची नावं घालू नका. प्रेमापोटी हे अनेक जण करतात आणि पस्तावतात. अज्ञान मुलाचा हिस्सा विकायचा किंवा गहाण ठेवायचा तर कोर्ट मध्ये येतं. मुलं मोठी झाल्यावर त्यांचं कर्ज, त्यांचा घटस्फोट, अपघाताचा दावा, सगळं तुमच्या घराला चिकटू शकतं. शिवाय हयातीत दिलेल्या हिश्श्याला तुमची जुनी खरेदी किंमतच लागू राहते, वर सांगितलेली नव्या भावाची सवलत मिळत नाही. आणि प्रपोझिशन १९ नंतर, म्हणजे १६ फेब्रुवारी २०२१ पासून, आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या घराच्या प्रॉपर्टी टॅक्सची सवलतही बरीच आखडली आहे. मूल त्या घरात स्वतः राहणार असेल तरच ती मिळते, तीही मर्यादेत.

मुलांसाठी योग्य मार्ग म्हणजे रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट, म्हणजे हयातीत केलेला आणि हवा तेव्हा बदलता येणारा ट्रस्ट. त्यात दोघंही गेल्यावर मुलांचं कोण बघणार, पैसे कितव्या वर्षी हातात द्यायचे, हे लिहिता येतं, आणि घर प्रोबेटमध्ये जात नाही. यजमान परत आले की तो करा. वकिलाला आत्ताच सांगून ठेवा की पुढे ट्रस्ट करायचा आहे, म्हणजे तो आजचं डीड त्या बेताने लिहील. एक मात्र बघा: ट्रस्टची जाडजूड फाइल सह्या करून कपाटात ठेवली म्हणजे घर ट्रस्टमध्ये गेलं असं होत नाही. घर ट्रस्टच्या नावावर करणारं वेगळं डीड लागतं आणि तेही काउंटीत नोंदवावं लागतं. कित्येक कुटुंबांत ते राहून जातं आणि ट्रस्ट असूनही कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा ट्रस्टच्या वकिलाला फीचा शेवटचा चेक देताना त्या डीडचा नोंदणी नंबर मागून घ्या.